रात्रीचा चोर : फळांचा रस पिणारा पतंग



गावाला शीव असते, तशी मुंबई बेटालाही होती. पलीकडे साष्टी, अलीकडे मुंबई. त्या हद्दीवरच्या वस्तीचे नावच शीव पडले. गेल्या पावसाळ्यात तिथे एका कुंपणावरच्या गुळवेलीवर एक अळी दिसली. अंग काळसर, मखमली. दोन्ही कुशींवर डोळ्यांसारखे ठिपके. डिवचली की डोके मुडपून मागचा भाग वर उचलते. तुमच्या बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवरही ती असते, पण ओळखणारे थोडे.

हिचाच पुढे पतंग होतो. पंख पसरले तर ८ ते १० सेंटीमीटर. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे नारिंगी आणि त्यावर काळा डाग. याचा पसारा आफ्रिकेपासून भारतातून थेट ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांपर्यंत आहे.

एरवी पिकाचा नाश अळी करते. इथे उलटे आहे. अळी रानवेल खाते आणि पतंग बाग नासवतो. त्याची सोंड टोकाला कठीण व दातेरी असते. संत्रे, मोसंबी, डाळिंब यांची साल भोसकून तो रस पितो. त्या भोकातून बुरशी शिरते, फळ सडते, गळते. गळ पाहून आपण फळमाशीला दोष देतो. फळ दाबून पाहा : टाचणीएवढ्या भोकातून रस उडाला आणि कापल्यावर आत अळ्या नसल्या, तर या पतंगाचा संशय धरा.

उपाय असे :

१. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बागेत फिरा. उजेडात त्याचे डोळे चमकतात.

२. गळलेली फळे रोज वेचून खोल पुरा. त्यांच्या वासाने पतंग येतात.

३. झाडे थोडी असतील तर फळांना पिशव्या बांधा. तिन्हीसांजेला बागेत धूर करा.

४. गूळ, फळांचा रस आणि कीटकनाशक यांचे आमिष ठेवता येते. प्रमाण तालुका कृषी कार्यालयात विचारा. मुलेबाळे व गुरे दूर ठेवा.

५. बागेच्या बांधावरच्या गुळवेल, वासनवेल काढा.

माउलींनो, काढ्याची गुळवेल मात्र तोडू नका. ती घराजवळ लावा, पावसाळ्यात पाने उलटून पाहा आणि अळ्या वेचा. पतंग शेजारच्या रानातूनही येतो, तेव्हा एकट्याने बांध साफ करून भागणार नाही. सगळ्या वाडीने मिळून कामाला लागा.