नटाच्या कमाईवर उभे राहिलेले चित्रपट

व्हित्तोरिओ डी सिका यांचा १३ नोव्हेंबर हा स्मृतिदिन. १९७४ साली पॅरिसलगत त्यांचे निधन झाले. ‘बायसिकल थीव्ह्ज’चे दिग्दर्शक म्हणून आपण त्यांचे नाव आदराने घेतो, पण लगेच हळहळतोही, की एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाने पैशासाठी वाटेल त्या भूमिका करून स्वतःला वाया घालवले. ही हळहळ त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

डी सिका आधी नट होते. १९३२ मध्ये मारिओ कामेरिनी यांच्या विनोदी चित्रपटाने त्यांना इटलीचा लाडका, गाणारा नायक केले. १९४० पासून ते दिग्दर्शनाकडे वळले. पुढे ‘बायसिकल थीव्ह्ज’साठी (१९४८) हॉलिवूडचे निर्माते सेल्झनिक पैसे द्यायला तयार होते, पण त्यांना नायक कॅरी ग्रँट हवा होता. डी सिकांनी नकार दिला आणि लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यातल्या कामगाराला नायक केले.

त्यांच्याच ‘उंबेर्तो डी.’मधला (१९५२) म्हातारा पेन्शनर एका प्राध्यापकाने, कार्लो बात्तिस्ती यांनी उभा केला. भीक मागायला तो हात पुढे करतो. कुणी पैसे ठेवणार एवढ्यात तळवा उलटा करतो, पाऊस पडतोय का पाहत असल्यासारखा. लाज एवढ्याशा हालचालीत मावते, हे जन्मभर अभिनय केलेल्या माणसालाच सुचावे. अभिनय न शिकलेल्यांकडून डी सिकांनी असे काम करून घेतले, ते स्वतः नट होते म्हणूनच.

‘उंबेर्तो डी.’ इटलीत चालला नाही. तेव्हा सरकारात असलेल्या आंद्रेओत्तींनी, देशाची बदनामी होते म्हणून त्यावर जाहीर टीका केली. अशा चित्रपटांना पैसा मिळणे कठीणच होते. तो डी सिकांनी बऱ्याच वेळा भूमिकांतून मिळवला. जुगारातही त्यांनी पुष्कळ घालवला, हे खरे. पण दिग्दर्शक रोस्सेलिनींच्या ‘जनरल देल्ला रोव्हेरे’त (१९५९) जुगारी भामट्यातला माणूस त्यांनी दाखवला, त्याला पोटासाठी केलेले काम कोण म्हणेल?

१९५२ साली मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहून बिमल रॉय भारावले. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. आपल्या सिनेमावरही डी सिकांचे ऋण आहे. आपल्या फिल्म सोसायट्यांनी यंदा ‘बायसिकल थीव्ह्ज’सोबत ‘जनरल देल्ला रोव्हेरे’ही दाखवावा.