ताटाची खतावणी

बीडच्या मोंढ्यात तुरीच्या प्रत्येक पोत्याचे वजन होते, तूट लिहिली जाते आणि दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी सारे हिशेब जुळविले जातात. त्याच व्यापाऱ्याच्या घरी महिन्याला तेल किती लागते, असे विचारल्यास उत्तर मात्र अंदाजाने मिळते. किराण्याचा खर्च सांगता येतो; पण तो भाव वाढल्याने वाढला की खाणे वाढल्याने, हे रुपयांच्या आकड्यावरून कळत नाही.

देशाच्या हिशेबातही हीच अडचण येते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ५९ टक्के भाग अन्नावर जात असे. २०२२-२३ मध्ये तो सुमारे ४६ टक्क्यांवर आला. तृणधान्यांचा वाटा ५ टक्क्यांच्या आत आला, तर पेये आणि तयार खाद्यपदार्थांचा वाटा साडेनऊ टक्क्यांच्या पुढे गेला. मात्र हे वाटे रुपयांतील आहेत, किलोंतील नव्हेत. शिवाय पूर्वी घरी एकदाच जाऊन माहिती घेतली जाई, २०२२-२३ मध्ये तीन वेळा घेतली गेली. खाती मांडण्याची रीत बदलली की दोन वर्षांची तुलना जपूनच करावी लागते, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

म्हणून घरची नोंद वजनात असावी आणि तिची रीत वर्षानुवर्षे तीच राहावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार किलोकॅलरींच्या आहारासाठी दररोज तेल-तूप मिळून २७ ग्रॅम हे प्रमाण दिले आहे. पाच प्रौढांच्या घरात ते दिवसाला १३५ ग्रॅम होते. या मापाने तेलाचा १५ किलोचा डबा, तूप वेगळे न वापरल्यास, १११ दिवस पुरावयास हवा. डबा फोडल्याची तारीख त्यावरच लिहावी. तो दोन महिन्यांत रिकामा होत असेल, तर दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही. साखर, मीठ आणि तूप यांचीही अशीच तारीख ठेवावी; बाहेरून आलेल्या फरसाणाची व मिठाईची किलोंत वेगळी नोंद असावी. पाहुण्यांची जेवणे समासात टिपावीत.

तुलना समान काळाशी करावी. चातुर्मासातील उपवास-आयंबिलांचे दिवस लग्नसराईच्या महिन्याशी ताडून पाहिल्यास काहीच हाती लागणार नाही. यंदाचा श्रावण मागील श्रावणाशी, यंदाची दिवाळी मागील दिवाळीशी जोडावी.

मोजून खाण्याचा विचार जैन घराला नवा नाही. चौदा नियमांत दिवसभरात किती द्रव्ये घ्यावयाची, याची मर्यादा श्रावक स्वतःच ठरवितो. तेथे जिन्नसांची संख्या मोजली जाते. वजनाची नोंद तिला पूरक ठरेल.

तथापि घराची बेरीज व्यक्तीचे ताट दाखवीत नाही. तेलाचा खप बेताचा असूनही घरातील आजी चहा-खारीवर दिवस काढीत असतील, किंवा सर्वांना वाढून शेवटी बसणाऱ्या सुनेच्या वाट्याला भाजी उरत नसेल. यासाठी दर महिन्याच्या पहिल्या तारखेस प्रत्येकाचे वजन दुकानाच्या काट्यावर घेऊन लिहावे. वृद्धांचे वजन विनाकारण घटत असेल, तर तो डॉक्टरांकडे जाण्याचा संकेत आहे. नोंदवहीचा उपयोग जेवताना कोणाच्या पोळ्या मोजण्यासाठी मुळीच होऊ नये. तसे झाले तर नोंदी खोट्या होतील आणि घरातील गोडवाही जाईल.

मधुमेह वा रक्तदाबाचे निदान झाल्यावर आहाराबद्दल पहिली चौकशी होते, तेव्हा बहुतेक घरांकडे आठवणीखेरीज काही नसते. बारा महिन्यांची अशी चार पाने हाती असली, तर डॉक्टरांना सल्ला देणे सोपे जाईल आणि पुढील वर्षी तो सल्ला कितपत पाळला गेला, तेही त्याच वहीत दिसेल.