चक्र नेमके केवढे? तिरंग्याच्या मापांचा हिशोब आणि आपण

ऑगस्ट जवळ आला की ‘हर घर तिरंगा’ची लगबग सुरू होते. २०२२ साली ही मोहीम पहिल्यांदा झाली तेव्हा पोस्टाच्या खिडकीवर पंचवीस रुपयांना ध्वज मिळत होता. कोट्यवधी ध्वज थोड्या दिवसांत छापायचे म्हटल्यावर जे व्हायचे तेच झाले. पट्टे लहानमोठे, चक्र एका बाजूला सरकलेले, चक्र गोल नसून अंड्यासारखे, अशा तक्रारींच्या बातम्या देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आल्या. चर्चा मात्र रंगली ती खादी की पॉलिएस्टर या वादावर. तो वाद महत्त्वाचा आहेच. पण चक्राच्या मापाबद्दल फारसे कोणी बोलले नाही, आणि आपल्या वस्त्यांमधून, विहारांमधून तो प्रश्न सर्वात आधी उठायला हवा होता.

कारण ते चक्र शोभेसाठी काढलेले नाही. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने ध्वजाचा जो ठराव मंजूर केला, त्यात स्पष्ट लिहिले आहे की चक्राची रचना सारनाथच्या अशोक सिंहस्तंभाच्या शीर्षाखालील पट्टीवर कोरलेल्या चक्राप्रमाणे असेल. सारनाथ म्हणजे तथागतांनी पहिले प्रवचन दिले ते ठिकाण. त्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह आहेत आणि त्यांच्या मधे मधे चोवीस आऱ्यांची चक्रे आहेत. म्हणजे ध्वजावरचे चक्र कसे असावे याचा मूळ नमुना दगडात उपलब्ध आहे, आणि त्याकडे बोट दाखवणारे वाक्य ठरावात आहे. ज्याला शंका असेल त्याने सारनाथच्या संग्रहालयात जाऊन आरे मोजावेत.

ठरावात मापाबद्दल दोनच गोष्टी आहेत. ध्वजाच्या रुंदीचे लांबीशी गुणोत्तर साधारणतः २:३ असावे. आणि चक्राचा व्यास पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीच्या जवळपास असावा. तीन पट्टे सारखे. बस्स. ‘जवळपास’ म्हणजे किती, हे ठराव सांगत नाही. ते समजते भारतीय ध्वज संहितेतून. २००२ च्या या संहितेत नऊ प्रमाणित आकार दिले आहेत आणि प्रत्येकासमोर चक्राचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिला आहे.

आता थोडे गणित. सर्वात मोठा ध्वज ६३०० बाय ४२०० मिमी. पांढरा पट्टा त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे १४०० मिमी. चक्र १२९५ मिमी. भागाकार केला की ०.९२५ येतात. ३६०० बाय २४०० च्या ध्वजात पट्टा ८००, चक्र ७४०: पुन्हा ०.९२५. २७०० बाय १८०० मध्ये ६०० आणि ५५५, १८०० बाय १२०० मध्ये ४०० आणि ३७०, ९०० बाय ६०० मध्ये २०० आणि १८५. सगळीकडे तेच. १३५० बाय ९०० मध्ये पट्टा ३०० आणि चक्र २८०, म्हणजे किंचित जास्त. ४५० बाय ३०० मध्ये १०० ला ९०. थोडक्यात, पट्टा शंभर धरला तर चक्र साडेब्याण्णव. वर आणि खाली मिळून जेमतेम साडेसात टक्के पांढरी जागा उरते. चक्र पांढरा पट्टा भरून टाकते, असे म्हटले तरी चालेल.

मग ‘चक्र पांढऱ्या पट्ट्याच्या तीन चतुर्थांश असते’ हे वाक्य येते कुठून? चित्रकलेच्या तासाला, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत ते सर्रास सापडते. नऊ आकारांपैकी एकाच ठिकाणी ते बरोबर बसते. सर्वात छोटा, टेबलावर ठेवायचा १५० बाय १०० मिमीचा ध्वज: पट्टा साधारण ३३ मिमी, चक्र २५ मिमी. त्याच्या वरचा २२५ बाय १५० चा, तिथे पट्टा ५० आणि चक्र ४०, म्हणजे चार पंचमांश. टेबलावरच्या झेंड्याचे प्रमाण जर आपण विहारासमोरच्या झेंड्याला लावले, तर चक्र जवळपास एक पंचमांशाने लहान होते. बाजारातले अनेक ध्वज पाहा. पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध एक केविलवाणे निळे बटण चिकटवल्यासारखे दिसते. ते माप संहितेत मोठ्या ध्वजासाठी कुठेच नाही.

पोस्टातला तो ध्वज २० बाय ३० इंचांचा होता. गुणोत्तर बरोबर, २:३. नऊ आकारांत तो नाही, पण गुणोत्तर सांभाळून इतर आकाराचा ध्वज चालतो, असे सरकारच सांगते. त्याला मोठ्या आकारांचे प्रमाण लावले तर पट्टा ६.६७ इंच आणि चक्र सव्वासहा इंचांना थोडे कमी हवे. घरात असा ध्वज असेल तर पट्टी घेऊन मोजा. पाच इंच भरले तर तो तीन चतुर्थांशवाला.

दुसरा दोष ताणण्याचा. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, ३ बाय ५ फुटांचे झेंडे ठरलेले असतात. तिथले आपले बांधव ऑनलाइन मागवतात तो तिरंगाही बरेचदा त्याच मापाचा मिळतो. २:३ चे चित्र ३:५ मध्ये ताणून बसवले की चक्र आडवे सुमारे अकरा टक्के फुगते. इथेही डिजिटल बॅनरवर हेच होते. बॅनरची जागा लांबट, डिझायनर माऊसने कोपरा ओढतो, चक्र लंबगोल. त्याला काही वाटत नाही, कारण पाहणाऱ्यालाही काही वाटत नाही.

आऱ्यांची तपासणी सोपी आहे. चोवीसला चारने भाग जातो, म्हणून एक आरा सरळ वर, एक सरळ खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे. वरच्या आणि उजव्या आऱ्याच्या मधे बरोबर पाच आरे हवेत. चार किंवा सहा दिसले की पुढे मोजायची गरज नाही. भिंतीवर काढायचे असेल तर कोनमापकही लागत नाही. वर्तुळाच्या त्रिज्येएवढेच अंतर कर्कटकात ठेवून परिघावर खुणा करत गेलात की सहा भाग पडतात. त्यांचे दोनदा अर्धे केले की चोवीस. सातवीच्या मुलाला जमेल.

आता प्रश्न जबाबदारीचा. भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक, आयएस १, राष्ट्रध्वजाचाच आहे. हुबळीजवळच्या बेंगेरीला किंवा आपल्या नांदेडला खादीचा ध्वज तयार होतो तेव्हा कापड, रंग आणि चक्र यांच्या मोजमापाला एक शिस्त असते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टर आणि यंत्रावर बनवलेल्या ध्वजाला परवानगी मिळाली. गरिबाच्या हाती स्वस्त ध्वज आला, याला माझा विरोध नाही. ध्वज फडकवणे हा नागरिकाचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली नवीन जिंदल प्रकरणात मान्य केले, आणि हक्क महाग असून चालत नाही. पण कापडाची अट सैल केली म्हणून मापाची अट सैल होत नाही. २:३ तेच आहे, चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसले पाहिजे हेही तेच आहे. लाखोंची ऑर्डर देणाऱ्या सरकारी यंत्रणेने मालाचा एक गठ्ठा उघडून चक्र मोजले असते, तर हा प्रकार घडला नसता. स्थानिक कार्यकर्त्यांनी निवेदन द्यायचे तर ते याच मुद्द्यावर, आकडे लिहून द्यावे. ‘भावना दुखावल्या’ असे लिहिलेले निवेदन फाईलमध्ये जाते. ‘६०० मिमी रुंदीच्या ध्वजाला १८५ ऐवजी १५० मिमीचे चक्र आहे’ असे लिहिले तर अधिकाऱ्याला पट्टी काढावी लागते.

आणि जाता जाता आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल. पंधरा ऑगस्टला दोन मेसेज हमखास फिरतात. एकात चोवीस आऱ्यांची चोवीस गुणांची यादी असते: प्रेम, धैर्य, संयम वगैरे. ठरावात अशी कोणतीही यादी नाही. बारा निदानांचा अनुलोम आणि प्रतिलोम क्रम मिळून चोवीस, हा अर्थ धम्माच्या अंगाने सुंदर आहे, तो जरूर सांगावा. पण संविधान सभेने तो लिहून ठेवला असे सांगू नये. दुसऱ्या मेसेजात चक्र एकट्या बाबासाहेबांनी ध्वजावर आणले असे असते. राजेंद्र प्रसादांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या ध्वज समितीचे बाबासाहेब सदस्य होते. मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, मुन्शी हेही होते. ठराव नेहरूंनी मांडला. त्याच ठरावात हे चक्र चरख्याचे प्रतीक म्हणूनही म्हटले आहे, हे आपल्याला आवडो न आवडो. त्याच दिवशी राधाकृष्णन यांनी सभेत त्याचा अर्थ धर्मचक्र असा सांगितला, हेही नोंदीत आहे. चरखा हा शब्द वाचून चिडायचे कारण नाही. आकार कोणाचा घ्यायचा हे ठरवताना त्याच कागदाने सारनाथचे नाव घेतले आहे, आणि ते नाव कोणी खोडू शकत नाही.

राहिला आपला निळा झेंडा. त्यावरच्या चक्राला ना संहिता आहे, ना मानक. जयंतीच्या मिरवणुकीत अठरा आऱ्यांचे, वीस आऱ्यांचे चक्र दिसले तर तक्रार कोणाकडे करणार? छापखान्यात ऑर्डर देणारे आपणच असतो. यंदा ऑर्डर देताना चिठ्ठीवर एवढे लिहा: चोवीस आरे, चक्र पूर्ण गोल, मधोमध, कापडाच्या दोन्ही बाजूंनी दिसणारे. पहिला नमुना हातात आला की वरच्या आणि उजव्या आऱ्यामधले आरे मोजा, आणि मगच बाकीचे छापायला सांगा.