तेरावे काडतूस आणि दहाची मर्यादा

अमेरिकेतील नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सात विरुद्ध चार अशा बहुमताने कॅलिफोर्नियाचा एक कायदा वैध ठरविला. दहापेक्षा अधिक काडतुसे मावणारे मॅगझिन बाळगण्यास हा कायदा बंदी घालतो. निकालाइतकीच चर्चा झाली ती एका चित्रफितीची. अल्पमतातील न्यायमूर्ती लॉरेन्स व्हॅनडाइक यांनी आपल्या दालनात पिस्तुले हाताळत, त्यांचे भाग सुटे करून दाखवत आपले म्हणणे मांडले आणि ती चित्रफीत सर्वांसाठी खुली केली. न्यायमूर्तींनी असा मार्ग अवलंबावा काय, यावर सहकाऱ्यांनी लेखी नाराजी नोंदविली.

शिष्टाचाराचा भाग सोडला, तरी त्यांनी उपस्थित केलेला मुद्दा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मॅगझिन हे शस्त्र नव्हे, तो केवळ जोडभाग आहे, त्यामुळे घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीचे संरक्षण त्यास मिळत नाही, असे बहुमताने म्हटले होते. त्यावर, मग पिस्तुलाचा बदलता येण्याजोगा प्रत्येक भाग जोडभागच ठरेल, असा व्हॅनडाइक यांचा युक्तिवाद होता. जुन्या नऊ मिलिमीटर पिस्तुलांच्या संग्राहकांना हा वाद जिव्हाळ्याचा वाटतो, कारण त्यांच्या आवडीच्या पिस्तुलांचे सारे महत्त्वच या ‘जोडभागात’ साठलेले आहे.

बेल्जियमच्या एफएन कंपनीचे ब्राउनिंग हाय-पॉवर हे त्यांतले आद्य. त्या काळी अमेरिकी सैन्याच्या कोल्ट पिस्तुलात सात, तर जर्मन लुगरमध्ये आठ काडतुसे मावत. जॉन ब्राउनिंग यांनी नव्या पिस्तुलाचा आराखडा हाती घेतला. परंतु १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते काम द्यूदोने साव्ह या बेल्जियन अभियंत्याने पूर्णत्वास नेले. काडतुसे एकावर एक रचण्याऐवजी दोन ओळींत तिरकस बसवायची आणि वरच्या तोंडाशी पुन्हा एका ओळीत आणायची, ही साव्ह यांची युक्ती. मूठ फारशी जाड न होता तेरा काडतुसे मावू लागली. १९३५ मध्ये हे पिस्तूल सिद्ध झाले. पुढे १९४० मध्ये कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला, तेव्हा साव्ह ब्रिटनला निघून गेले आणि तेच पिस्तूल कॅनडातही तयार होऊ लागले. एकाच युद्धात दोन्ही बाजूंच्या हाती एकच पिस्तूल, असा दुर्मीळ योग त्यातून जुळून आला.

त्यानंतरची प्रगती याच वाटेने झाली. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल ५९, चेकोस्लोव्हाकियाचे सीझेड ७५, अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये स्वीकारलेले बेरेटा ही सारी त्याच कुळातली. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये निवडलेल्या ग्लॉकमध्ये तर सतरा काडतुसे मावत आणि त्याचा सांगाडाही प्लॅस्टिकचा होता.

आणि मग कायद्याने काडतुसे मोजण्यास आरंभ केला. सप्टेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत दहापेक्षा मोठ्या नव्या मॅगझिनवर बंदी आली. मात्र आधी तयार झालेल्यांना सूट होती. साहजिकच जुन्या मॅगझिनचे भाव चढले. दुसरीकडे, दहाच काडतुसे द्यावयाची तर मोठे पिस्तूल कशाला, असा विचार बळावला आणि खिशात मावणाऱ्या छोट्या पिस्तुलांना बरकत आली. ग्लॉकचे बुटके २६ हे मॉडेल १९९५ मध्ये बाजारात आले. ही फलश्रुती कायदा करणाऱ्यांना अभिप्रेत होती, असे म्हणवत नाही. दहा वर्षांची मुदत संपताच २००४ मध्ये ती बंदी उठली. राज्यांचे कायदे मात्र टिकले. त्यांतही आकड्यावर एकवाक्यता नाही. कोलोरॅडोत मर्यादा पंधराची आहे, न्यू जर्सीने २०१८ मध्ये ती पंधरावरून दहावर आणली, तर न्यूयॉर्कने २०१३ मध्ये सातच काडतुसे भरण्याचे बंधन घातले आणि ते न्यायालयात टिकले नाही.

तरीही हा आकडा निरर्थक म्हणता येणार नाही. जानेवारी २०११ मध्ये अॅरिझोनातील टुसॉन येथे हल्लेखोराने ग्लॉकला तेहतीस काडतुसांचे मॅगझिन लावून लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या सभेवर गोळीबार केला. सहा जण मृत्युमुखी पडले. ते मॅगझिन संपून तो दुसरे भरू पाहत असतानाच उपस्थितांनी त्याला जमिनीवर लोळविले. ते आधी संपले असते तर, हा प्रश्न तेथील नागरिक विचारणारच. याउलट, २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात बत्तीस जणांचा बळी गेला, त्याची चौकशी करणाऱ्या समितीला दहाच्या मर्यादेने फारसा फरक पडला असता असे वाटले नाही. हल्लेखोराकडे मॅगझिन पुष्कळ होती आणि त्याला अडविणारे जवळ कोणी नव्हते. मर्यादेचा उपयोग मॅगझिन बदलण्याच्या त्या दोन-चार सेकंदांत कोण किती जवळ आहे, यावर अवलंबून असतो. दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचे उदाहरण तेवढे पुढे करतात.

संग्राहकाची तक्रार या वादात गौण वाटेल, पण ती खोटी नाही. युद्धकाळातील हाय-पॉवरला मूळ तेरा काडतुसांचे मॅगझिन असेल, तरच तो नग परिपूर्ण मानला जातो. तेच दहावर कायमचे बुजविले, तर कायदा पाळला जातो आणि ऐतिहासिक मोल जाते. पण काचेच्या कपाटातले आणि हल्लेखोराच्या खिशातले मॅगझिन यांत फरक करणारा कायदा लिहिणे सोपे नाही. संग्रहातली वस्तू चोरीस जाऊ शकते, विकलीही जाऊ शकते.

कॅनडाने तर याहून पुढचे पाऊल टाकले. युद्धकाळात टोरांटोच्या जॉन इंग्लिस कारखान्यात तयार झालेल्या हाय-पॉवरपैकी बरीच चीनच्या राष्ट्रवादी सरकारसाठी होती. त्यांवर चिनी अक्षरे कोरलेली असत. लांब पल्ल्याची दृष्टिपट्टी आणि खांद्याला टेकविता येणारे लाकडी आवरणही त्यांना असे. आज संग्राहकांत त्यांना विशेष मान आहे. मात्र त्याच देशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हॅण्डगनची खरेदी, विक्री आणि हस्तांतरण गोठविले. डिसेंबर २०२३ मध्ये त्यास संसदेच्या कायद्याचे बळ मिळाले. मालकाकडची पिस्तुले त्याच्याकडे राहतील. पण सामान्य संग्राहकाला ती दुसऱ्याच्या हाती सोपविता येणार नाहीत. म्हणजे बंदी न घालताही एक पिढी सरल्यावर खासगी संग्रह आपोआप आटतील. हे धोरण गाजावाजा न करता फार दूरवर पोहोचते.

भारतात हा पेच निर्माणच झाला नाही. पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल कारखान्याने इंग्लिसच्या नमुन्यावर सैन्यासाठी नऊ मिलिमीटरचे ‘वन-ए’ पिस्तूल घडविले. परंतु नागरिकांसाठी हा बोअर निषिद्ध आहे. मुंबईकरांना ‘नऊ एमएम’ हा शब्द ठाऊक झाला तो गुन्हेवार्तांतून आणि १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातून. त्या खटल्यात संजय दत्त याला नऊ एमएम पिस्तूल आणि एके-५६ रायफल बेकायदा बाळगल्याबद्दल झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पाच वर्षांवर आणली. २०१९ च्या दुरुस्तीने निषिद्ध शस्त्र बाळगण्याची किमान शिक्षा पाचवरून सात वर्षे झाली, तर परवानाधारकास ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. कॅलिफोर्नियात काडतुसे मोजली जातात, येथे शस्त्रेच मोजली जातात. मॅगझिन किती मोठे असावे, हा प्रश्न भारतीय नागरिकापर्यंत पोहोचतच नाही.