झाकणे आणि पुसणे

फोटोतला माणूस कापून दुसरीकडे चिकटवणे ही नुसती माऊसची खटपट आहे, असे आपल्या महाविद्यालयात पुष्कळांना वाटते. मला हे मत मान्य नाही. संध्याकाळी मी नगरमध्ये एका फ्लेक्सच्या दुकानात काम करतो. तेथे जे शिकलो त्यावरूनच हे लिहीत आहे.

प्रथम थोडी माहिती सांगतो. संगणकावरील रंगीत फोटो बहुधा लाल, हिरवा व निळा अशा तीन चॅनेलचा बनलेला असतो. एकेक चॅनेल सुटा पाहिला तर तो कृष्णधवल दिसतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत त्यात साधारणतः २५६ छटा असतात. नवरीचे भुरभुरणारे केस कडेकडेने कापू गेले तर डोक्यावर टोपी घातल्यासारखे दिसतात. म्हणून जाणता कारागीर केस आणि मागचे आकाश यांत सर्वांत जास्त फरक दाखवणारा चॅनेल शोधतो. त्याची प्रत काढून काळे अधिक काळे व पांढरे अधिक पांढरे करतो, ती उलटी करतो आणि तिचाच मास्क बनवतो. मास्कमध्ये पांढरे असेल तेथे चित्र दिसते, काळे असेल तेथे झाकले जाते, करडे असेल तेथे अर्धवट दिसते.

मित्रहो, झाकलेले येथे नष्ट होत नाही. मास्कवर पांढरा ब्रश फिरवला की ते परत येते. खोडरबराने पुसून फाईल साठवली व बंद केली, की मात्र ते कायमचे गेले.

हा फरक केवढा मोठा आहे, हे आपल्या नगरच्याच एका पोथीवरून कळते. हुसेन निजामशहाची थोरवी गाणारी 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही सचित्र फारसी पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. १५६५ मध्ये हुसेनशहा वारला. त्याची राणी खुंजा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई, हिने मुलाच्या नावाने कारभार पाहिला. १५६९ मध्ये त्याच मुलाने तिला कैद केले. पोथीतील चित्रांत राजाशेजारची तिची आकृती बुजवलेली आढळते. सत्ता गेली, तसे चित्रही गेले, असे अभ्यासक मानतात.

आमच्या दुकानात निराळे काय घडते? भावकीत वाद होतो, सोडचिठ्ठी होते, पुढारी पक्ष बदलतो आणि गिऱ्हाईक म्हणते, "याला काढून टाका." पुढे समेट झाला की तेच गिऱ्हाईक जुना फोटो मागायला येते. गिऱ्हाइकाचे ऐकू नये काय? अवश्य ऐकावे. छापताना झाकावे, परंतु मूळ फोटो व मास्क जपून ठेवावा. स्वतःचा फोटो पुसा असे कोणी म्हणाले तर तो त्याचा हक्क आहे. दुसऱ्याला पुसण्याचा हक्क कोणालाच नाही.

माझ्या आजोबांचा घरात एकच फोटो आहे. तो एका घोळक्याच्या फोटोतून कात्रीने कापलेला आहे. त्यांच्या खांद्यावर मनगटापर्यंत कोणाचा तरी हात दिसतो. तो कोणाचा, हे सांगणारे आता घरात कोणी उरलेले नाही. आमच्या घराण्याचा लेखी इतिहास नाही. जो आहे तो अशा फोटोंतच आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, स्नेहसंमेलनाचे व या अंकाचे सर्व मूळ फोटो ग्रंथालयाने न कापता जतन करावेत, आणि कला शाखेत मास्कचे काम एकदा तरी शिकवावे.