अब्बांच्या जीपची किंमत कोण ठरवणार?

या महिन्यात बोलू या जुन्या गाडीच्या विम्याबद्दल.

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरकडे अजून काही घरांत एखादी जुनी गाडी जपलेली दिसते. कुठे महिंद्राची जीप, कुठे फियाट, कुठे अ‍ॅम्बेसेडर. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. गाड्या कमी होत जातात तशी चांगल्या राखलेल्या गाडीची किंमत वाढते. विम्याच्या कागदावर मात्र ती दरवर्षी घटत जाते, आणि बहुतेक घरांत हे नुकसान झाल्यावरच कळते.

विम्यात गाडीच्या किमतीला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण नष्ट झाली तर जास्तीत जास्त तेवढीच रक्कम मिळते. नव्या गाडीसाठी घसाऱ्याचा ठरलेला तक्ता आहे : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, पहिल्या वर्षाअखेर १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये स्पष्ट म्हटले आहे की पाच वर्षांपेक्षा जुन्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाडीची किंमत कंपनी व मालक यांनी आपसात ठरवायची. म्हणजे बोलायचा हक्क आपल्याला आहे. आपण तो वापरत नाही. एजंट कॉम्प्युटरवर आलेला आकडा टाकतो, आपण प्रीमियम कमी बसला म्हणून खूश होतो.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याची किंमत कोणी वयाचा तक्ता बघून ठरवत नाही. चाल बघतात, जात बघतात, निगा बघतात आणि मग सौदा होतो. जुन्या गाडीचेही तसेच आहे.

समजा, अब्बांनी जपलेली १९६८ ची जीप आहे. इंजिन, बॉडी, वायरिंग सगळे नीट करायला ३ लाख रुपये गेले. बाजारात तिला ४ लाख देणारा गिऱ्हाईक आहे. पॉलिसीवर आयडीव्ही मात्र ४० हजार. चांदसैली घाटात दरड कोसळली आणि जीप दबली, तर हातात ४० हजार, त्यातूनही सक्तीची वजावट जाणार. इथवर बहुतेकांना माहीत असते.

पुढचा धोका कमी लोकांना माहीत आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर गाडी ‘पूर्ण नुकसान’ धरली जाते. ४० हजारांचे ७५ टक्के म्हणजे ३० हजार. पुढचा मडगार्ड, रेडिएटर आणि काच गेली तरी बिल ३५ हजार होऊ शकते. गॅरेजमध्ये पंधरा दिवसांत उभी राहणारी जीप कागदावर भंगार ठरते. तीच आयडीव्ही ४ लाख असती, तर मर्यादा ३ लाखांवर गेली असती आणि दुरुस्तीचा साधा क्लेम झाला असता.

दुरुस्तीच्या क्लेममध्येही घसारा कापला जातो. नेहमीच्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के, तर दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. काचेवर काही नाही. म्हणून किंमत नीट ठरवली तरी सुट्या भागांचे अर्धे पैसे आपलेच, हे धरून चालावे.

‘ॲग्रीड व्हॅल्यू’, म्हणजे आधी ठरलेली किंमत, ही वेगळी पॉलिसी आहे. तिच्यात पूर्ण नुकसान झाल्यावर ठरलेली रक्कम घसारा न कापता द्यायची असते. टॅरिफने ती व्हिंटेज गाड्यांसाठी ठेवली होती, आणि व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली व व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने तसा दाखला दिलेली गाडी. अशा खासगी गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये २५ टक्के सूटही होती. आपली जीप-फियाट त्यात बसत नाही. मग आपल्यासाठी मार्ग एकच : आपसात ठरवायची आयडीव्ही पुराव्यासह ठरवून घेणे. एकदा पॉलिसीवर लिहिली की पूर्ण नुकसानीसाठी ती पॉलिसीच्या मुदतीपर्यंत कायम धरली जाते. मात्र २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर कंपन्यांना मोकळे आहेत, म्हणून दोन-तीन कंपन्यांकडे विचारावे.

परदेशात अशा पॉलिसी सर्रास मिळतात, पण अमेरिकेत त्यांच्या शेजारीच ‘स्टेटेड व्हॅल्यू’ नावाची पॉलिसी असते. तिच्यात आपण सांगितलेली किंमत आणि बाजारभाव यांपैकी कमी असेल ते मिळते. नावे सारखी वाटतात, अर्थ उलटा निघतो. आखातात किंवा परदेशात असलेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

आता व्हीए नंबरप्लेटबद्दल. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. जून २०२२ च्या दरपत्रकात व्हिंटेज नोंदणीच्या खासगी गाडीला थर्ड पार्टी प्रीमियम निम्मा केला आहे. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. जीप रोज शेतावर जात असेल तर या वाटेला जाऊ नये.

लग्नसराईत आणखी एक चूक होते. खासगी पॉलिसीची गाडी भाडे घेऊन वरातीला दिली आणि अपघात झाला, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. भाच्याच्या निकाहला प्रेमाने द्या, पण चालवणाऱ्याकडे लायसन्स हवे.

विमा शरीअतमध्ये बसतो का, हा प्रश्न आपल्या घरांत येतोच. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८५ मध्ये व्यापारी विमा नाजायज ठरवून सहकारी विम्याचा, म्हणजे तकाफुलचा, पर्याय सांगितला. थर्ड पार्टी विमा मात्र कायद्याने सक्तीचा आहे. तो टाळून चालत नाही, आणि त्यातून रस्त्यावरच्या निरपराध माणसाला भरपाई मिळते. स्वतःच्या गाडीचा विमा ही ऐच्छिक बाब आहे, त्याबद्दल आपल्या भरवशाच्या मुफ्तींना विचारा. तो घ्यायचा नसेल तर जीपच्या दुरुस्तीसाठी दरमहा काही रक्कम बाजूला टाका. घ्यायचा असेल तर किंमत खरी सांगा. ४ लाखांची गाडी ७ लाखांची सांगणे हा खोटेपणा आहे, आणि क्लेमच्या वेळी तो आपल्यालाच नडतो.

सर्वांत नाजूक बाब शेवटी. अब्बांचा इंतकाल झाला आणि आरसी, पॉलिसी दोन्ही त्यांच्याच नावावर राहिले, असे अनेक घरांत होते. मालकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी फक्त तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच चालते. गाडी वापरणाऱ्या वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचे. प्रीमियम भरत राहिलो म्हणजे झाले, असे नाही.

आणि जीप हाही तरका आहे. एका भावाने ती ठेवून घेतली तर अम्मीचा आठवा हिस्सा आणि बहिणींचा हक्क तिच्या खऱ्या किमतीवर निघतो, पॉलिसीवरच्या ४० हजारांवर नाही. म्हणून मूल्यांकन एकदाच नीट करून घ्या. तोच कागद विम्याला लागतो आणि वाटणीलाही.

फाइलमध्ये ठेवायचे ते एवढे :

• चारही बाजू, इंजिन, चासी नंबर आणि आतील भागाचे तारखेसह फोटो
• सुरत, धुळे किंवा मुंबईहून आणलेल्या सुट्या भागांची आणि मिस्त्रीच्या कामाची बिले
• परवानाधारक सर्व्हेअरचा मूल्यांकन अहवाल
• मुदतीत असलेली आरसी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण लागते
• ठरलेली आयडीव्ही छापलेली पॉलिसी. एजंटचा तोंडी शब्द चालणार नाही

पॉलिसीच्या नूतनीकरणाआधी महिनाभर ही फाइल घेऊन बसा. त्या वेळी घरातल्या बहिणींनाही बोलवा. किंमत सर्वांसमोर ठरली की नंतर मनात किंतु राहत नाही.