पाट्या काढा, पण कोणत्या?



पाट्यांनी सोसायटी विद्रूप होते आणि रहिवाशांना जिने ठाऊकच असतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. ‘येथे वाहने लावू नयेत’च्या जास्तीच्या पाट्या जरूर काढा. पण आगीतून बाहेर पडण्याची वाट दाखवणारी पाटी त्यांत मोजू नका. धूर कोंडला, वीज गेली की स्वतःचा मजलासुद्धा अनोळखी होतो. पाहुण्यांना, सामान पोहोचवणाऱ्या मुलांना तर जिना माहीतच नसतो. सगळे लिफ्टने येतात. पळत्या माणसाची हिरवी खूण अक्षरओळख नसलेल्यालाही कळते.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. त्याच सुमारास सेक्रेटरींनी प्रत्येक मजला स्वतः फिरून पाहावा. पाटीवर रंगाचा ब्रश फिरला आहे का? तिचा दिवा लागतो का? समोर कुणाचे चपलांचे कपाट आले आहे का? दुरुस्तीत दार बंद झाले आणि बाण मात्र तिकडेच वळलेला राहिला, तर ती पाटी नसण्यापेक्षा घातक. पुढच्या रंगकामाच्या ठेक्यातच पाट्या उतरवून पुन्हा जागच्या जागी बसवण्याची अट घालावी.

— एक रहिवासी, ठाणे